चौथं यंत्र

पात्रेक्सफ्योर्दूरच्या धक्क्यावर
ग्वुदब्यार्तुर तेवीस वर्षं काठी घेऊन उभा राहिला.
काठीवर खडूच्या रेघा.
नवी आवृत्ती निघायच्या आदल्या दिवशी
प्रोग्राम म्हणायचा : भरती सहा चाळीसला, तीन मीटर दहा.
हा सहा चाळीसला पाण्यात काठी घालायचा
आणि ओल्या रेघेवर ठेवलेला अंगठा
घरी वही उघडेपर्यंत काढायचा नाही.
हीच आमची टेस्ट. दुसरी नव्हती.

मग त्याचा गुडघा गेला.

काठी माझ्या दाराआड आली.
मी दिवसा कारखान्यात कॉडची वजनं नोंदते,
काळोख्या पहाटे धक्क्यावर उभं राहणं माझ्याच्यानं होईना.
आणि कोड तर आता कुठून कुठून येतो,
चिलोए बेटावरून एलिसेओ पाठवतो,
शेटलंडहून कुणीएक, ज्यानं नाव कधी सांगितलं नाही.
तेव्हा ठरवलं :
कुणीही एक ओळ जरी बदलली
तरी कुठल्याशा दूरच्या खोलीत
उसनी यंत्रं जागी होतील,
सगळं पायापासून बांधतील,
तीनशे बारा दिवसांच्या भरत्या मोजतील,
निकाल सांगतील
आणि स्वतःला पुसून टाकतील,
पाहुण्यानं जाताना अंथरूण घडी करून ठेवावं तसं.

एक फाइल. चाळीसेक ओळी.
पण नमनालाच घडाभर तेल जळालं.
एका ओळीआधी दोनाऐवजी तीन जागा सुटल्या होत्या,
आणि ते मला दिसायला मध्यरात्र उलटली.
त्या रात्रीच्या माझ्या नोंदी अजून साऱ्या जगाला दिसतात :
‘जॉब जोडले’
‘जॉब जोडले, आता नीट’
‘समास’
‘पुन्हा समास’
‘माफ करा’
‘.’
बाराव्या खेपेला तीन बत्त्या हिरव्या झाल्या.
स्वयंपाकघरात मी एकटीनंच टाळी वाजवली.
मांजर उठून दुसरीकडे गेलं.

चौथं यंत्र एलिसेओच्या हट्टापायी.
त्यांच्याकडच्या होड्यांत अजून जुने डबे आहेत,
बत्तीस बिटांचे, मिठानं खाल्लेले, चालणारे.
ते लाल झालं.
विचारलं होतं वीस जानेवारी २०३८चं,
त्यानं सांगितलं चौदा डिसेंबर १९०१चं.
एवढे सेकंद त्याच्या मुठीत मावेनात,
म्हणून काळ उलटा भोवंडून
थेट वल्ह्यांच्या दिवसांत जाऊन पडला,
आणि तिथली भरती त्यानं
दशांशाच्या चार स्थळांपर्यंत चोख मोजून दिली.

शेटलंडवाल्यानं लिहिलं,
अशी यंत्रं आता राहिलीत किती?
त्यासाठी एक सोपी ओळ असते :
हा जॉब नापास झाला तरी चालेल.
मी ती लिहिली. सगळं हिरवं झालं.
चहा केला. तो गार झाला.
चालेल, पण कुणाला?
ओळ खोडली. पुन्हा लाल.

शनिवारी लॅपटॉप घेऊन ग्वुदब्यार्तुरकडे गेले.
लॉग वाचायला त्यानं चष्मा बदलला.
‘हे चुकलंय ना, ह्रेप्ना?’
चुकलंय.
‘किती वाजताची म्हणतंय?’
सहा सत्तावीस.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता,
बाहेर काहीच दिसत नव्हतं.
‘एकोणीसशे एक. आजोबा सोळाचे.
त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा वल्ह्यावर बसले.
नावेत सहाजण होते, एवढंच सांगायचे.
परतले किती, ते नाही.’

मग खणातून वही काढली,
ओल्या अंगठ्यांनी फुगलेली,
आणि शेवटच्या पानावर
माझ्या चुकीचा आकडा पेन्सिलीनं लिहिला.
तारीख घातली. खाली रेघ मारली.
वही मिटल्यावर लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.
‘हं,’ म्हणाला, ‘आता कर दुरुस्त.’